फिक्श्चर, पंचांग आणि कॉमेंट्रीवाल्यांची कटकट

दरवर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या फुटबॉलचं, म्हणजे प्रीमियर लीगचं शेड्यूल (फिक्श्चर) आलं की वीसच्या वीस टीमच्या फॅन्सची एकाच दिवशी खात्री पटते की कंप्युटर आपल्यावरच खार खाऊन बसलाय. २०२५ च्या १८ जूनला आपल्याकडे दुपारी दीडला लिस्ट आली (तिकडे सकाळचे नऊ), मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ऐकल्यासारखं करत होतो आणि आमच्या आर्सेनलच्या पहिल्या सहा मॅचेस बघून तोंडातून जे काही निघालं ते माइक म्यूट होता म्हणून निभावलं. मँचेस्टर युनायटेड त्यांच्या घरी (म्हणजे त्यांच्या मैदानावर), मग लीड्स, मग लिव्हरपूल त्यांच्या घरी, मग फॉरेस्ट, मँचेस्टर सिटी, आणि परत बाहेर न्यूकॅसल. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत ओल्ड ट्रॅफर्ड, अ‍ॅनफिल्ड आणि सेंट जेम्स पार्क ही तिन्ही बाहेरची मैदानं उरकायची. आमच्या ग्रुपमधला लिव्हरपूलवाला (तेव्हा ते ताजे ताजे चॅम्पियन, त्यामुळे आवाज जरा जास्तच) म्हणाला, दिवाळीपर्यंत तुमचा सीझन आटपतोय, फराळ करा निवांत.

आज १ जानेवारी २०२६, १९ मॅचेस झाल्यात म्हणजे बरोब्बर अर्धा सीझन, आणि आम्ही ४५ पॉइंट घेऊन एक नंबरला आहोत. एवढं नम्रपणे नोंदवतो आणि पुढे जातो. सलग तीन सीझन दुसरे आलोय आणि शेवटचं टायटल २००३-०४ चं आहे, त्यामुळे याच्यापेक्षा जास्त बोलायची आमची टाप नाही.

पण शेड्यूलबद्दलची रड निम्मी तरी खोटी असते असं माझं मत झालंय आणि त्यावरून ग्रुपवर माझं सगळ्यांशी वाजतं. ३८० मॅचेस आहेत राव. कंप्युटर चालवतात हे खरं, पण त्याला इतक्या अटी घातलेल्या असतात की कुणावर खार खायला जागाच उरत नाही. कुठल्याही पाच मॅचेसमध्ये तीन घरी दोन बाहेर किंवा उलट, सलग दोनपेक्षा जास्त घरी नाहीत की बाहेर नाहीत, सीझनची सुरुवात किंवा शेवट शक्यतो सलग दोन बाहेरच्या मॅचेसनी नको. आर्सेनल आणि टॉटनहॅम एकाच दिवशी घरी खेळत नाहीत, पोलीसच नको म्हणतात, लिव्हरपूल-एव्हर्टनचं तेच. त्यात नाताळात तिकडे ट्रेन बंद, म्हणून २६ डिसेंबरच्या आसपास लांब पाठवायचं टाळतात. त्यात चॅम्पियन्स लीगचे बुधवार, गुरुवारी युरोपात खेळणाऱ्यांना रविवार, दोन-दोन कप. एवढं सगळं बसवल्यावर आर्सेनलला सुरुवातीला अ‍ॅनफिल्ड आलं तर तो कट नव्हे, त्यांना ते कुठेतरी बसवायचं होतं, तिथे बसलं. आणि अवघड मॅचेस आधी गेल्या की नंतर हलकं होतं हे कुणी बघत नाही. ऑक्टोबर आला तसं आम्हाला वेस्ट हॅम, फुलहॅम, पॅलेस, बर्नली लागोपाठ मिळाले आणि चारही जिंकले, चारही मॅचेसमध्ये एकसुद्धा गोल खाल्ला नाही, तेव्हा कंप्युटरला कुणी थँक्यू म्हणालं नाही.

खरी भानगड जूनच्या लिस्टमध्ये नसतेच. ती नंतर सुरू होते, टीव्हीवाले मॅचेस निवडायला लागतात तेव्हा. जूनमध्ये बहुतेक सगळ्या मॅचेस 'शनिवार दुपारी तीन' अशा लिहिलेल्या असतात, त्या तारखेवर विश्वास ठेवून कुणी लग्नाचा हॉल बुक करू नये. मग काही शनिवारी साडेबाराला सरकतात, काही साडेपाचला, काही रविवारी, एखादी सोमवारी रात्री. या सीझनपासून तिकडे स्काय चॅनेलवर कमीत कमी २१५ मॅचेस लाइव्ह आणि टीएनटीवर ५२, म्हणजे ३८० पैकी २६७ टीव्हीच्या सोयीने हलणार. जो माणूस न्यूकॅसलहून ट्रेनने लंडनला मॅच बघायला येतो त्याची खरंच वाट लागते, सोमवारी रात्री दहाला मॅच संपली तर परतीची गाडी कुठली. आपली वाट वेगळ्या प्रकारे लागते, पण लागते.

आमच्या घरी याचा हिशोब कालनिर्णयवर असतो. बायकोचं निळं पेन, संकष्टी, सिलिंडर, दुधाचे खाडे. माझं लाल पेन. वाद फक्त एकाच गोष्टीवरून होतो, रात्री दीडची मॅच कुठल्या चौकोनात लिहायची. घड्याळाप्रमाणे ती दुसऱ्या दिवशी असते पण जागायचं आदल्या रात्री असतं, म्हणून मी आदल्या चौकोनात लिहितो, आणि ती म्हणते १४ तारखेची मॅच १३ ला लिहिलीयस, तुझं गणित कुणी घेतलं होतं. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं एक तास मागे जातात आणि माझी सगळी लाल अक्षरं चुकीची ठरतात. उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे ऑगस्टमध्ये जी मॅच रात्री नऊला, जेवण उरकून सोफ्यावर मस्त पाय पसरून बघितली, तीच वेळ नोव्हेंबरपासून दहाची होते. साडेअकराची साडेबारा होते तोवर ठीक, साडेबाराची दीड झाली की माणूस संपतो.

आणि या वर्षी तर कुणीतरी पंचांग समोर ठेवून फिक्श्चर केलंय की काय असं वाटावं. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्ड, तेराव्या मिनिटाला कॉर्नरवर आमच्या कालाफिओरीचं डोकं, १-०. गौरी आल्या त्याच रात्री, ३१ ऑगस्टला, लिव्हरपूल. सर्वपित्री अमावस्येला सिटी. खंडेनवमीच्या रात्री ऑलिम्पियाकोस, सोनं लुटायच्या आधीच दोन गोल आणि तीन पॉइंट. आणि लक्ष्मीपूजन, २१ ऑक्टोबर, रात्री साडेबाराला अ‍ॅटलेटिको माद्रिद. बाहेर फटाके संपत आलेले, घरात सगळे पाहुणे झोपलेले, मी हॉलमध्ये आवाज एकदम बारीक करून बसलोय, हाफटाइमला शून्य-शून्य, आणि मग दुसऱ्या हाफमध्ये चौदा मिनिटांत चार गोल. गॅब्रिएल, मार्टिनेली, ग्योकेरेश, परत ग्योकेरेश. ओरडता येत नाही म्हणून मी उशीत तोंड खुपसून ओरडलो. सकाळी सासऱ्यांनी विचारलं रात्री कोण रडत होतं.

गौरीच्या रात्रीचं मात्र सांगायलाच पाहिजे कारण त्यातून कॉमेंट्रीचा विषय निघाला. घरात माणसं, टीव्हीवर आरत्यांचं काहीतरी चालू, त्यामुळे मी फोनवर मॅच बघत होतो, आणि ज्यांनी फोनवर बघितलंय त्यांना माहितीये की फोन टीव्हीच्या मागे असतो, बऱ्यापैकी मागे. ८३ वं मिनिट, शून्य-शून्य, लिव्हरपूलला लांबून फ्री किक. माझ्या फोनवर सोबोस्लाय अजून बॉल नीट ठेवतोय, मोजे वर ओढतोय, भिंत सरकतीये, आणि वरून नोटिफिकेशन आलं, लिव्हरपूलवाल्याचं, नुसतं 'हाहाहाहा'. त्याच्याकडे डिश. म्हणजे मला गोल आधी कळला आणि बॉल नंतर मारला गेला. त्याच्यापुढे कॉमेंटेटर काय बोलला मला अक्षर आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की बॉल मारायच्या आधी तो म्हणत होता की इथून जरा लांबच आहे. लांबच आहे! मी ओळखलेलं होतं ना राव.

तर कॉमेंट्री. आमच्या ग्रुपमध्ये आर्सेनलचे आम्ही चौघं-पाचजण, एक लिव्हरपूल, दोन युनायटेड, एक चेल्सी जो हरल्यावरच ऑनलाइन येत नाही, आणि एक कोल्हापूरकर ज्याची खरी टीम तिथली पाटाकडील तालीम आहे आणि प्रीमियर लीग तो नुसता विरंगुळा म्हणून बघतो. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे, कॉमेंटेटर आपल्या टीमच्या विरोधात असतात. युनायटेडवाले म्हणतात आमची टर उडवतात. लिव्हरपूलवाला म्हणतो सगळे युनायटेडचे जुने प्लेयर माइकवर बसवलेत. आमचे म्हणतात आर्सेनलने कॉर्नरवर गोल केला की यांना तो गोल वाटतच नाही. एकाच मॅचची एकच कॉमेंट्री ऐकून दोन्ही बाजूंचे लोक एकाच वेळी ग्रुपवर 'याला कुणीतरी गप्प करा' लिहितात, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

माझं म्हणणं असं की त्यांना आपल्या टीमचा राग नाहीये, त्यांचं प्रेम गोष्टीवर आहे. मॅच सुरू व्हायच्या आधीच त्यांच्याकडे एक गोष्ट तयार असते आणि नव्वद मिनिटं ते मॅचला त्या गोष्टीत कोंबत बसतात. सिटीची मॅच घ्या. त्यांच्या हालांडने नवव्या मिनिटाला गोल केला, आमचा कोच आर्तेताने एझेला बेंचवर ठेवलेलं, मग काय, तासभर एकच पालुपद, आर्सेनल मोठ्या मॅचला घाबरतं, हातचं राखून खेळतं, लिव्हरपूललाही असंच केलं. ते चूक होतं असंही मी म्हणत नाही, मीपण घरात तेच बोलत होतो, जास्त वाईट शब्दांत. मग ९३ व्या मिनिटाला एझेने लांबून बॉल टाकला, मार्टिनेली पळाला, कीपर पुढे आलेला, डोक्यावरून अलगद उचलला, १-१. दोघंही बेंचवरून आलेले. आणि त्याच क्षणी गोष्ट फिरली, आता काय तर आर्तेताचे धाडसी बदल! तोच माणूस, तीच मॅच, मधे एक मिनिटसुद्धा गेलं नाही.

कॉर्नरचं तर विचारूच नका. आम्हाला कॉर्नर मिळाला की कॅमेरा लगेच निकोला जोव्हेवर, सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किकचा) कोच, टचलाइनवर येऊन उभा. बॉल कोण मारतोय, बॉक्समध्ये कोण कुणाला ढकलतोय, हे बघायचंय मला, तर नाही, जोव्हे बघा. न्यूकॅसलला आम्ही ३४ व्या मिनिटाला गोल खाल्ला, ८४ ला मेरिनोने डोक्याने बरोबरी केली आणि ९६ व्या मिनिटाला ओडेगार्डच्या कॉर्नरवर गॅब्रिएलने मॅच काढली, सेंट जेम्स पार्कवर, जिथे आधीच्या सीझनला आम्ही नुसते मार खाऊन आलो होतो. त्या कॉर्नरच्या आधी गॅब्रिएल कुठून पळाला, त्याला कुणी मोकळं केलं हे मला रिप्लेत शोधावं लागलं, कॉमेंट्रीत नाही मिळालं.

पण मग २३ नोव्हेंबर. टॉटनहॅम आमच्या घरी, रात्री दहा. एझे लहानपणी आर्सेनलच्या अकॅडमीत होता, तिथून काढलेला, ऑगस्टमध्ये टॉटनहॅमला जवळजवळ गेलाच होता आणि शेवटच्या क्षणी आमच्याकडे आला. आणि त्याच टॉटनहॅमविरुद्ध पठ्ठ्याने हॅटट्रिक मारली, ४-१. ही गोष्ट कॉमेंटेटरने पहिल्या गोलला सांगितली, दुसऱ्याला सांगितली, तिसऱ्याला तर जवळजवळ गाऊन सांगितली. तिन्ही वेळा तीच. आणि त्या रात्री आमच्यापैकी एकानेही ग्रुपवर कॉमेंट्रीबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणून म्हणतो, गोष्ट आपल्या बाजूची असली की ती कॉमेंट्री छान असते.

आपल्याकडे जी कॉमेंट्री येते ती बहुतेक वेळा वर्ल्ड फीडची असते, म्हणजे इंग्लंडबाहेरच्या सगळ्या देशांसाठी वेगळी केलेली. इंग्लंडमध्ये स्कायवर जे बोलतात ते वेगळे, हे वेगळे. याच वर्ल्ड फीडवर वर्षानुवर्षं पीटर ड्रुरी होता आणि सोबत जिम बेग्लिन, त्या जोडीवर आमची अख्खी पिढी वाढलीये. २०२३ मध्ये ड्रुरी स्कायला गेला, मार्टिन टायलरच्या जागी, आणि आमचे शनिवार एकदम बेचव झाले. ड्रुरीवर पण लोक टीका करतात, की हा आधीच लिहून आणतो, कविता करतो. करू दे की. २०१० च्या वर्ल्डकपचा पहिला गोल, शबालालाचा, किंवा २०१८ ला रोमाने बार्सिलोनाला ३-० हरवलं आणि मानोलास वेड्यासारखा पळत सुटला, ते त्याच्या आवाजाशिवाय आठवतच नाही मला. आणि लोक एक विसरतात, तो मोठं वाक्य टाकून गप्प बसतो. गर्दीचा आवाज येऊ देतो. टायलरचंही तेच, २०१२ ला सिटीच्या अ‍ॅग्वेरोच्या गोलला त्याचं नाव लांबवून ओरडला आणि मग थांबला. आताच्या बऱ्याच जणांना थांबता येत नाही हाच माझा खरा आक्षेप आहे. चित्र समोर दिसतंय ना बाबा, बॉल उजवीकडे गेला हे मला दिसतंय, त्या वेळात तू आकडे का वाचतोयस.

त्याच्याही आधीचे दिवस आठवणारे अजून असतील कुणी तर हात वर करा, सिंगापूरचा तो ईएसपीएन-स्टारचा स्टुडिओ, जॉन डाइक्स, स्टीव्ह मॅकमहॉन, शेबी सिंग. शेबी सिंग मलेशियाचा, अर्ध्या गोष्टी आम्हाला पटायच्या नाहीत, पण तो आपल्यासारखा जागून बघणारा माणूस वाटायचा. मॅच संपल्यावरही अर्धा तास गप्पा चालायच्या. आता शेवटची शिट्टी वाजली की प्लेयर अजून हात मिळवतायत तोवर जाहिरात.

आता एक गंमत, जी माझ्या इंग्लंडमधल्या भावाला अजिबात गंमत वाटत नाही. मावसभाऊ रेडिंगला असतो, आर्सेनलचाच, आणि महिन्याला बक्कळ पैसे भरून तिथले सगळे स्पोर्ट्स चॅनेल घेऊन बसलाय. पण तिकडे शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवायलाच बंदी आहे. हे १९६० च्या दशकापासून चालू आहे, बर्नलीचा चेअरमन बॉब लॉर्ड याने बाकी क्लबांना पटवलं की मोठी मॅच टीव्हीवर दाखवली तर लोक घरी बसतील आणि खालच्या डिव्हिजनच्या छोट्या क्लबांची तिकिटं कोण काढणार. म्हणून शनिवारची तीनची मॅच आपण पुण्यात चहा पीत बघतो आणि स्टेडियमपासून तासाभरावर राहणाऱ्या माणसाला ती दिसत नाही. १ नोव्हेंबरला आम्ही बर्नलीलाच खेळलो, शनिवारी तीनला, आणि त्या स्टेडियममधल्या एका स्टँडला नाव बॉब लॉर्डचंच. म्हातारा वरून हसत असणार.

मला विचाराल तर ही बंदी राहावी. भाऊ हे वाचून फोन करेल, करू दे. छोट्या गावातल्या चौथ्या डिव्हिजनच्या क्लबला दर शनिवारी जे काही हजार लोक येतात ते त्यांचं सगळं असतं, आणि एवढ्या पैशांच्या धंद्यात एक अडीच तासांचा तुकडा कुणीतरी विकला नाही हेच मोठं आहे. अर्थात मी हे इथे बसून बोलू शकतो कारण मला सगळं दिसतं.

तर २७ डिसेंबर, ब्रायटन, घरी, तीनची मॅच, आपल्याकडे रात्री साडेआठ. भावाचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल. त्याच्याकडे रेडिओ होता पण म्हणाला रेडिओवाला फार ओरडतोय आणि पोरगं झोपलंय, तू सांग. मग मी सांगायला लागलो. आणि सांगताना कळतं की हे काम किती अवघड आहे. "आज राइस राइट बॅकला आहे रे, हो हो, राइस, टिंबर नाहीये... ओडेगार्ड, बॉक्सच्या कडेला, मारतोय, मारलाच! खालून, कोपऱ्यात, गोल!" इथवर ठीक होतं. हाफटाइमनंतर राइसचा कॉर्नर आणि ब्रायटनच्या रटरने डोक्याने स्वतःच्याच जाळ्यात घातला, तर मी नुसता "अरे अरे अरे अरे" करत राहिलो आणि पलीकडून भाऊ विचारतोय कुणाचा, कुणाचा, अरे सांग ना कुणाचा. मग त्यांनी एक परत मारला, २-१, मग आपली नेहमीची फाटलेली शेवटची वीस मिनिटं. ब्रायटनच्या मिंतेहने उजवीकडून आत येऊन वळवून मारला, सगळ्यांनी धरलं होतं की गेला, आणि आमच्या कीपर रायाने हवेत आडवा होऊन बोटांच्या टोकांनी वर काढला. मी म्हटलं "वाचवला! वाचवला! बोटं लावली!" आणि एवढ्या जोरात की बायको किचनमधून म्हणाली, तू त्याला मॅच सांगतोयस का त्याच्याशी भांडतोयस.

पण मजा आली हे कबूल. आणि मग पुन्हा तोच प्रश्न डोक्यात आला जो कोल्हापूरकर दर वर्ल्डकपला विचारतो. मराठीत का नाही? आयपीएलला मराठी कॉमेंट्री आहे, २०२३ ला केदार जाधव माइकवर होता, सीझनच्या मधेच त्याला बंगळुरूने खेळायला उचलला इतपत खरी माणसं तिथे होती. रेडिओवर तर बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीतून सांगितलं त्याला कितीतरी दशकं झाली. पण २०२२ चा फुटबॉल वर्ल्डकप मोबाइलवर फुकट दाखवला तेव्हा इंग्लिश, हिंदी, बंगाली, मल्याळम, तमिळ होतं, आपलं नव्हतं. मल्याळममध्ये शैजू दामोदरन ओरडायला लागला की भाषा न कळणारे आम्ही पण क्लिप फॉरवर्ड करतो. लोक म्हणतील केरळात फुटबॉल आहे म्हणून. अहो मग कोल्हापुरात काय आहे? तिथे वर्ल्डकपला गल्ल्या ब्राझील-अर्जेंटिनात वाटल्या जातात, मेस्सी-नेमारचे चौकाचौकात कटआउट लागतात, पेठापेठांच्या तालमींच्या टीम आहेत, शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की बसायला जागा मिळत नाही, आणि सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला २०१७ मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. ऐकणारे आहेत, बोलणारेही आहेत. कोल्हापूरकराच्या मते शाहू स्टेडियमवरचा कुठलाही प्रेक्षक उचलून माइकपुढे बसवला तरी चालेल, फक्त मधे मधे बीप वाजवायला एक माणूस ठेवावा लागेल.

असो. डिसेंबरने या वर्षी पार पिट्टा पाडला. ६ तारखेला अ‍ॅस्टन व्हिला, संध्याकाळी सहाला, दिवेलागणीच्या वेळेला, आणि ९५ व्या मिनिटाला त्यांच्या बुएंदियाने गोल करून मॅच घालवली आमची. पुढचे दोन्ही शनिवार रात्री दीडच्या मॅचेस, आधी वुल्व्ह्ज, मग एव्हर्टन. वुल्व्ह्ज म्हणजे तळाला गेलेली टीम, ९० व्या मिनिटाला त्यांनी बरोबरी केली तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजत आलेले आणि मी देवाला काय काय बोललो ते देवालाच माहीत, मग ९४ ला त्यांच्याच प्लेयरने स्वतःच्या गोलमध्ये घातला. आमचे दोन्ही गोल त्यांनीच मारले त्या दिवशी. २६ डिसेंबरला तर तिकडे दंगाच झाला, कारण नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या टीम खेळतात ही त्यांची जुनी रीत, आणि या वेळी फक्त एक मॅच ठेवली, युनायटेड-न्यूकॅसल. युरोपच्या स्पर्धा वाढल्या, वीकेंड उरले ३३ आणि मॅचेस त्याच ३८०, असं लीगचं म्हणणं. पुढच्या सीझनला २६ डिसेंबर शनिवारी येतोय तेव्हा जास्त मॅचेस ठेवू म्हणालेत. ग्रुपवर यावरूनही कटाची चर्चा झाली पण त्यात कुणाविरुद्ध कट ते ठरलं नाही. आणि मग परवा व्हिला परत, पावणेदोनला सुरू, सलग अकरा मॅचेस जिंकून आलेले, त्यांना ४-१. सगळे गोल दुसऱ्या हाफमध्ये. ३१ तारखेला ऑफिसात मी डोळे उघडे ठेवून झोपलो होतो.

नवीन कॅलेंडरवर जानेवारी लाल करून झालाय. ३ ला बोर्नमथ रात्री अकरा. ८ ला लिव्हरपूल, गुरुवार, म्हणजे शुक्रवारी पहाटे दीड, लिव्हरपूलवाल्याने आत्ताच लिहिलंय की मी तरी सुट्टी टाकणार नाही, म्हणजे नक्की टाकणार. ११ ला एफए कपात पोर्ट्समथ, साडेसातला, माणसाची वेळ. संक्रांतीला चेल्सी, लीग कपची सेमीफायनल, तिळगूळ घ्या आणि दीड वाजता भांडा. २० ला इंटर, मिलानला. आणि २५ ला युनायटेड, घरी, रविवारी रात्री दहा, दुसऱ्या दिवशी २६ जानेवारीची सुट्टी, हे ज्याने कुणी बसवलं त्याला माझ्याकडून एक मिसळ.

एप्रिलात सिटी बाहेर आहे, त्याचा विचार आत्ता करत नाही. पण २४ मे मात्र डोक्यात बसलाय. शेवटचा दिवस, क्रिस्टल पॅलेस बाहेर, दहाही मॅचेस एकाच वेळी, आपल्याकडे रात्री साडेआठ. मी आनंदात होतो कारण मेमध्ये रविवार म्हणजे कुणाचं ना कुणाचं लग्न आणि या वर्षी १७ मेपासून अधिक महिना लागतोय, म्हणजे लग्नच नाहीत. हे मोठ्याने बोललो तिथे फसलो. बायको म्हणाली, अधिक महिना म्हणजे धोंड्याचं जेवण, जावयाला बोलावतात, आईने रविवार बघून ठेवलाय, २४ तारीख. नाशिकला. सासूबाई जेवायला वाढतात ते आठला सुरू होऊन दहापर्यंत चालतं आणि मधे उठलेलं त्यांना चालत नाही. मी म्हटलं ३१ ला जाऊ की, महिना आहे पुढे. तर म्हणे ३१ ला दादा-वहिनी नाहीयेत. आता प्रश्न एवढाच उरलाय की सासऱ्यांच्या टीव्हीला मॅचचा चॅनेल आहे का, आणि नसला तर तो जोडून घ्या असं जानेवारीत कुठल्या तोंडाने सांगायचं. नाशिकमधले कुणी आर्सेनलवाले वाचत असतील तर कमेंटमध्ये सांगा, तुमच्याकडे एक खुर्ची जास्तीची आहे का.